इको पास, तरी इमेज का जात नाहीत? पॅक्सची जोडणी तपासताना

नवं सीटी किंवा डीआर (डिजिटल एक्स-रे) मशीन पॅक्सला, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरला जोडायचं असेल, तर आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: सर्व्हरचा आयपी, पोर्ट, सर्व्हरचं एई टायटल आणि मशीनचं स्वतःचं एई टायटल. एई टायटल म्हणजे नेटवर्कवरचं मशीनचं नाव. ते जास्तीत जास्त १६ अक्षरांचं असतं आणि त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल इथेच होते, म्हणून फोनवर ऐकून टाइप करू नका. सर्व्हरच्या स्क्रीनवरून बघून घ्या.

पोर्टचंही तसंच. डायकॉम म्हणजे वैद्यकीय इमेज पाठवण्याची ठरलेली पद्धत, आणि तिच्यासाठी १०४ आणि ११११२ ही नोंदलेली पोर्ट आहेत. ऑर्थँक हा मोफत पॅक्स सर्व्हर मात्र सेटिंग बदललं नसेल तर ४२४२ वर ऐकतो. ब्राउझरमध्ये दिसणारं ८०४२ हे त्याचं वेबचं पोर्ट. ते मशीनमध्ये भरलं, तर पोर्ट उघडं दिसेल आणि डायकॉम मात्र चालणार नाही.

आता पिंग करा. उत्तर आलं, तर सर्व्हरपर्यंत रस्ता आहे इतकंच कळतं. नाही आलं, तरी लगेच केबल बदलायला धावू नका, कारण विंडोजची फायरवॉल पिंग अडवते आणि डायकॉम तरीही चालू असू शकतं.

त्यामुळे खरी तपासणी पोर्टची. विंडोजवर पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आयपी आणि पोर्ट देऊन चालवा. टीसीपी टेस्टसमोर ट्रू यायला हवं. लिनक्सवर एनसी वापरा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर बहुतेक वेळा सर्व्हर भेटला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट चुकलंय. बराच वेळ काहीच न होता टाइमआउट झाला, तर फायरवॉल, व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) किंवा चुकीचा आयपी यांच्याकडे बघा. हे दोन निकाल वेगळे ओळखता आले, की निम्मी शोधाशोध वाचते.

पोर्ट उघडं असेल, तर डायकॉम इको, म्हणजे सर्व्हर डायकॉममध्ये उत्तर देतो का ही चाचणी. मशीनच्या कन्सोलवर त्यासाठी 'व्हेरिफाय' किंवा 'इको' असं बटण असतं. लॅपटॉपवरून करायचं तर डीसीएमटीके या डायकॉमच्या टूलसंचातलं इकोएससीयू वापरा: -एईटी पुढे आपलं टायटल, -एईसी पुढे सर्व्हरचं, मग आयपी आणि पोर्ट. -व्ही लावायला विसरू नका. इको यशस्वी झाला तर ते लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही आणि माणूस उगाच गोंधळतो. असोसिएशन (डायकॉमची जोडणी) रिजेक्ट झालं, तर कारण नीट वाचा. 'कॉलिंग' टायटल ओळखलं नाही म्हणजे आपलं नाव सर्व्हरच्या यादीत नाही. 'कॉल्ड' ओळखलं नाही म्हणजे सर्व्हरचं नाव आपण चुकीचं लिहिलंय.

काही सर्व्हर नावासोबत आयपीही तपासतात. म्हणून लॅपटॉपचा निकाल शेवटचा मानू नका, इको मशीनवरूनच करा.

आणि इथेच बरेच जण थांबतात, ते चुकीचं आहे. ऑर्थँक मूळ सेटिंगमध्ये अनोळखी मशीनच्याही इकोला उत्तर देतो, त्यामुळे इको पास झाला म्हणजे मशीनची नोंद झाली असं होत नाही. नोंद नसेल, तर क्वेरी (सर्व्हरवरच्या इमेज शोधणं) नाकारली जाते. फँटमची (चाचणीसाठी स्कॅन करायच्या नकली वस्तूची) एक इमेज पाठवा, मग क्वेरीत ती सापडते का बघा. रुग्णाचा डेटा चाचणीला वापरू नका.

एक इमेज गेली, की अख्खी सीरिज पाठवा. सीटीची ५१२ गुणिले ५१२ ची १६ बिट स्लाइस साधारण अर्ध्या एमबीची. ३०० स्लाइस म्हणजे दीडशे एमबी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर याला कागदावर बारा सेकंद लागतात. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतील, पण पाच-सात मिनिटं लागत असतील तर केबल, क्रिंपिंग आणि स्विचच्या पोर्टचं डुप्लेक्स सेटिंग तपासा.

टेलिरेडिऑलॉजीच्या व्हीपीएनवर वेगळाच त्रास होतो: इको पास, इमेज मध्येच अडकते. इको अगदी छोटा असतो, इमेजची पॅकेट मोठी. विंडोजवर पिंगला -एफ -एल १४७२ लावा. पॅकेट जात नसेल, तर आकडा कमी करत जा. जो आकडा जाईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. व्हीपीएनवर तोच लावा.

शेवटी उलटा रस्ता. वर्कस्टेशनवर यादी दिसते, पण 'रिट्रीव्ह' दाबलं की इमेज येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. सी-मूव्ह या डायकॉमच्या रिट्रीव्ह पद्धतीत सर्व्हर स्वतः वर्कस्टेशनकडे नवं कनेक्शन उघडतो. म्हणून वर्कस्टेशनचं टायटल, आयपी आणि पोर्ट सर्व्हरमध्ये भरलेलं हवं, वर्कस्टेशनच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट आत येण्यासाठी उघडं हवं आणि त्याचा आयपी स्थिर हवा. डीएचसीपीवर ठेवलेलं वर्कस्टेशन आज चालेल आणि राउटर रीस्टार्ट होऊन आयपी बदलला की बंद पडेल. इको सर्व्हरकडून वर्कस्टेशनकडेही करून बघा. ऑर्थँकमध्ये प्रत्येक नोंदलेल्या मशीनसाठी तशी सोय आहे.