ऑफर टाकायच्या आधी डायरी उघडा

माझ्यासारखी घरोघरी जाऊन पार्लरची कामं करता आणि दिवाळीची ऑफर टाकायची आहे ना, मग फोन खाली ठेवा आणि आधी बुकिंगची डायरी उघडा. मी मागच्या वर्षी उलटं केलं. दसरा झाला, चार दिवस फोन वाजला नाही, जीव घाबरला आणि रात्री साडेअकराला ३० टक्के सुटीचं स्टेटस टाकून मोकळी झाले. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका काकूंनी दसऱ्याआधीच फेशियल, वॅक्स, पेडिक्युअरचं १,८०० चं पॅकेज ठरवून ५०० रुपये ॲडव्हान्स दिला होता. स्टेटस पाहिलं त्यांच्या धाकट्या जावेनं. तिनंही तोच दिवस मागितला, मला वाटलं बरंच झालं, एका खेपेत दोन कामं. एकाच हीटरवरचं वॅक्स, एकाच कंपनीचं फेशियल किट, दोघी शेजारीशेजारी. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा जावेचे झाले १,२६० आणि काकूंचे ॲडव्हान्स वजा जाता आणखी १,३००. काकूंनी नोटा दोनदा मोजल्या, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. दरवेळचा चहा आला नाही. पुढे डिसेंबरात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. ब्रायडल मेकअप कोणाकडून तरी झाला, फोटो मी स्टेटसवर पाहिले.

म्हणून सांगून राहिले, ज्यांनी आधीच बुकिंग केलंय त्यांची नावं पहिल्यांदा काढा. ज्यांची तारीख ऑफरच्या दिवसांत पडते, त्यांना न मागता तोच भाव लावा. मागायची वाट पाहू नका, काकूंनी मागितलं नव्हतं. हिशोबही नीट करा: सूट पूर्ण रकमेवर, मग ॲडव्हान्स वजा. म्हणजे १,८०० चे १,२६०, त्यातून ५०० गेले, घ्यायचे ७६०. उरलेल्या १,३०० वर ३० टक्के काढले तर ९१० येतात आणि ऑफर देऊनही आपण चोर ठरतो. ज्यांचं काम आठवडाभर आधीच पूर्ण भावात झालंय, त्यांना पैसे परत नसतील द्यायचे तर पुढच्या वेळी आयब्रो फुकट, असं काहीतरी ठरवून ठेवा. मेसेज आधी त्यांना, स्टेटस नंतर.

आता भाव. किती सूट परवडते ते अंदाजाने ठरवू नका, कागदावर मांडा. माझ्या १,८०० च्या पॅकेजमध्ये किट, वॅक्स, डिस्पोजेबल चादर, पट्ट्या आणि पेट्रोल धरून साधारण ५६० जातात. हातात राहतात १,२४०. ३० टक्के सुटीनंतर राहतात ७००. गिऱ्हाइकाला सूट ३० टक्क्यांची, माझी कमाई मात्र ४३ टक्क्यांहून जास्त घसरली, आणि तास तेवढेच लागले. यंदा १५ टक्के ठेवतेय, तेही मंगळवार ते गुरुवार दुपारीच, कारण तेव्हाच मी रिकामी असते. मदतीला मुलगी नेत असाल तर तिच्या पैशांना कात्री लावायची नाही. सूट तुम्ही दिलीय, तिने नाही. मेमध्ये ४५ डिग्रीत दुपारी घराबाहेर कोणी पडत नाही, तेव्हा होम व्हिजिटला जाऊन वर सूट द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही बघा, मी देत नाही. दसऱ्याच्या दिवशीही ऑफर नको. दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, तिकडचे रस्ते वळवलेले असतात, दोनाच्या जागी एकच भेट होते.

आदल्या दिवशी भाव २,२०० करायचा आणि मग "फक्त १,८००" लिहायचं, हे करूच नका. बाया भाव विसरत नाहीत. शिवाय फसव्या जाहिरातींबद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून आहेत; जो भाव द्यायचाच नाही तो दाखवून गिऱ्हाईक ओढायचं, यावरही त्यांत बोट ठेवलंय. आपण छोट्या आहोत म्हणून सुटका नाही. दिवसाला तीनच जणी घेता येत असतील तर "तीनच जागा" असं लिहा. शेवटची तारीख लिहा, आणि ती बुकिंगची की कामाची तेही लिहा. ब्रायडल पॅकेज त्यात नसेल तर ते ठळक. दोन ऑफर एकत्र नाहीत, हेही.

जीएसटी: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, तर बिलात जीएसटीची ओळ टाकायचीच नाही. नोंदणी असलेल्यांना पार्लरच्या सेवांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ ऐवजी ५ टक्के लागतो. तो फरक गिऱ्हाइकाचा आहे, तो "आमची खास सूट" म्हणून विकू नका.

माल तोच वापरा. एक्स्पायरी जवळ आलेलं किट ऑफरवाल्यांच्या माथी मारायचं नाही, पट्टी दुसऱ्यांदा वापरायची नाही, पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडंसं लावून त्वचेला चालतं का ते बघणं, टाळायची नाही. ऑफरमध्ये नवीन चेहरे येतात, त्यांच्या त्वचेबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. पॅच टेस्टला मी ४८ तास धरते, म्हणजे ऑफरचं बुकिंग दोन दिवस आधी बंद.

"ताई, माझ्यासाठी अजून थोडं कमी करा ना" हे येणारच. उत्तर सगळ्यांना एकच, नणंदेलाही.

बाकी सुट्टे पैसे, क्यूआर, बिल, नेहमीचंच. ऑफर संपली की स्टेटस, डीपी, सोसायटीच्या ग्रुपवरचा फोटो, सगळं काढा. कोणी जुना स्क्रीनशॉट दाखवला तर त्यावर तारीख असायला हवी, ती वर सांगितलीच आहे.

आणि डायरी. उघडली का? माझ्या डायरीत ॲडव्हान्सवाल्या सात जणी निघाल्या. चौघींना मेसेज गेलाय, तिघी उरल्या आहेत. त्यांना पाठवून मगच स्टेटस टाकते.