फायबरच्या होडीचा डेक घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

"काका, डेकवर पाय ठेवला की जरासा दबतोय. वरून फायबरच्या दोन मॅट मारल्या की होईल ना?"

दर मे महिन्यात निदान पाच-सहा जण मला हेच विचारतात. नाही होणार. डेक दबतो याचा अर्थ आतलं प्लाय कुजलंय. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतं आणि डेकचा सगळा कडकपणा त्या प्लायच्या जिवावर असतो. ते पाणी पिऊन मऊ पडल्यावर वरून मॅट चढवणं म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणं.

आमच्या वाडीतल्या एका मुलाने नेमकं हेच केलं. १ जूनला मासेमारी बंद झाली, होडी वर ओढली आणि भर पावसात ताडपत्रीखाली त्याने मऊ डेकवर दोन थर मारले. वरून जेलकोट, म्हणजे गुळगुळीत रंगीत थर. नारळी पौर्णिमेला होडी नवीकोरी दिसत होती, सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीला त्याने बोलावलं, कारण एका कोपऱ्यात कड उचलली होती. मी पटाशी आत सारली आणि फायबरचा हातभर रुंद थर अलगद सुटून आला. खालचं प्लाय काळं पडलेलं. मूठभर उचलून पिळलं तर बोटांमधून पाणी गळालं. मे महिन्यात अर्ध्या शीटमध्ये भागलं असतं, तिथे आता दोन शीट लागल्या आणि ऐन हंगामातले बारा दिवस होडी किनाऱ्यावर पडून राहिली. पाणी शिरलं होतं कुठून, तर दोर बांधायच्या क्लीटच्या एका स्क्रूमधून.

म्हणून आधी डेक ठोकून बघा. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ वापरतो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. भद्द जागेभोवती खडूने रेघ मारा आणि रेघेच्या बाहेर आणखी वीतभर धरा, कारण पाणी प्लायमध्ये आवाजाच्या पुढे गेलेलं असतं. मग ग्राइंडरने फक्त वरचा थर कापा, खालचा शाबूत ठेवा. कुजलेलं सगळं खरवडून काढा. अगदी सगळं. "एवढं राहिलं तर चालेल" म्हणून सोडलेल्या तुकड्यापासूनच पुढची कूज सुरू होते.

आणि मग थांबा. लोकांना हीच गोष्ट जमत नाही. उघडलेली जागा उन्हात वाळू द्या. वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. मी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवतो. सकाळी आतून दव धरलं असेल तर आणखी दोन दिवस उन्हात. म्हणूनच हे काम एप्रिल-मेमधलं आहे. जून-जुलैत होडी रिकामी असते हे मला मान्य आहे, पण तेव्हा हवेतच पाणी असतं आणि ओलसर जागी रेझिन, म्हणजे मॅट भिजवून चिकटवायचा राळेसारखा द्रव, नीट धरत नाही. मेमधले पंधरा दिवस धंदा बुडतो म्हणणाऱ्यांना मी त्या मुलाचे हंगामातल्या बारा दिवसांची आठवण करून देतो.

प्लाय आणताना शिक्का बघा: आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. दुकानदार ३०३चं पुढे करतो, स्वस्त पडतं म्हणतो. ते घरातल्या कपाटाला ठीक आहे. तुकडा बसवण्याआधी त्याच्या कडांना रेझिन पाजून घ्या, पाणी आधी कडेतूनच शिरतं. मग जाड केलेल्या रेझिनवर तो दाबून बसवा. मी प्लायला चार-पाच बारीक भोकं पाडतो, अडकलेली हवा तिथून निघते, आणि वर वजनाला चिरे ठेवतो. जुन्या फायबरची कड जाडीच्या बारा पट उतरती घासायची. पाच मिलिमीटरचा थर असेल तर सहा सेंटिमीटरचा उतार. नवं फायबर जुन्याला धरून राहतं ते या उतारावर. घासण्याआधी ॲसिटोनने पुसायला विसरू नका, नाहीतर जुनं मेण आणि तेल घासून घासून आतच जातं.

दुसरी चूक धोक्याची आहे, म्हणून सविस्तर सांगतो: हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, अंदाजाने ओतणं. एक किलो पॉलिस्टर रेझिनला साधारण १० ते २० मिली, म्हणजे १ ते २ टक्के. मी औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज वापरतो. एका दुपारी माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलाने घाईत बादलीभर रेझिन एकदम कालवलं आणि हार्डनर बाटलीतूनच ओतलं. पाच मिनिटांत माल दह्यासारखा घट्ट झाला, बादलीतून धूर निघायला लागला आणि प्लॅस्टिक वाकलं. दांडीने ढकलत आम्ही ती उघड्या वाळूत नेली. रेझिन घट्ट होताना तापतं आणि खोल बादलीत ती उष्णता बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात अर्धा-अर्धा किलोच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये काढा. वेळ जास्त मिळावा म्हणून हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेणारेही भेटतात. त्यांचा डेक वर्षभर चिकटच राहतो. माल कमी कालवा, हार्डनर कमी करू नका.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्हींच्या बाटल्या मी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय माझ्या अंगणात कोणी झाकण उघडत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्क्रूच्या भोकात सिलिकॉन भरू नका, ते सुटतं आणि त्या जागी पुढे रंगही धरत नाही. भोक मोठं करा, आतलं प्लाय थोडं कोरून काढा, एपॉक्सीची (ही वेगळ्या जातीची रेझिन) लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, सुकल्यावर त्यातूनच नवं भोक पाडा आणि फिटिंग पॉलियुरेथेन सीलंटवर बसवा. असं केलं तर उद्या सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. जिथे एपॉक्सी वापरलंय तिथे वरून नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनचे थर नकोत, धरत नाहीत. उलट चालतं. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. डेक घसरू नये म्हणून ओल्या रंगावर किनाऱ्याची वाळू पसरू नका, तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रंगाला फोड येतात. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, आणि नंतर आंघोळ आधी गार पाण्याने.

कॉकपिटची, म्हणजे होडीत बसायच्या खोलगट जागेची, पाणी जायची भोकं सगळ्यात शेवटी बघतात, खरं तर ती आधी बघायची. भोकाच्या आतल्या कडेला प्लाय उघडं पडलेलं असतं आणि तिथे बोट घालून कोणी बघत नाही. त्या कडेला एपॉक्सीचे दोन हात द्या. होडी पाण्यात घालायच्या आदल्या दिवशी भोकं आतून बुचाने बंद करून कॉकपिटमध्ये चार बादल्या पाणी ओता. बूच काढलं की सगळं पाणी निघून जायला हवं. कोपऱ्यात साचून राहिलं तर तो कोपरा भरून उतार द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉकपिटच्या तळाखाली टॉर्च मारून बघा. मी खाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवतो, एक थेंब पडला तरी डाग दिसतो.