चरबीतला आकडा: हॅलोजनयुक्त प्रदूषकांसाठी नमुना कसा घ्यावा आणि अहवाल कसा वाचावा

एकाच पाण्यातल्या दोन माशांचे अहवाल समोर आहेत. पहिल्यात पीसीबी (क्लोरीन असलेली औद्योगिक रसायने) ग्रॅममागे १२ नॅनोग्रॅम, दुसऱ्यात ३०. जास्त दूषित कोण? उत्तर देण्याआधी चरबीचा रकाना बघा. पहिल्याच्या मांसात चरबी ४ टक्के, दुसऱ्याच्या १५ टक्के. १२ भागिले ०.०४ म्हणजे चरबीच्या ग्रॅममागे ३००, आणि ३० भागिले ०.१५ म्हणजे २००. पाण्यातून आणि अन्नातून पहिल्या माशाच्या अंगात जास्त साठले आहे. पण तो मासा खाणाऱ्याच्या पोटात किती जाते हा प्रश्न असेल, तर बरोबर आकडा ३०च. म्हणून नमुना घ्यायला निघण्याआधीच प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहून ठेवा. आकडा कशाच्या मानाने काढायचा ते त्यावरूनच ठरते.

आधी रसायनाचे घर ओळखा

क्लोरीन, ब्रोमीन आणि फ्लोरिन हे हॅलोजन. डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन हे क्लोरीनवाले आणि फर्निचर-इलेक्ट्रॉनिक्समधले ज्वालारोधक पीबीडीई हे ब्रोमीनवाले. हे सगळे पाण्याला विटलेले आणि चरबीत रमणारे. चरबी जिथे, तिथे ते. डागरोधक आणि न चिकटणाऱ्या लेपांशी जोडलेल्या फ्लोरिनवाल्या पीएफओएस आणि पीएफओएची चाल वेगळी आहे. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला आणि यकृतातल्या प्रथिनांना धरून बसतात, चरबीला नव्हे. पीएफओएसचा आकडा चरबीच्या टक्क्याने भागणे ही नेहमी दिसणारी चूक आहे, आणि त्या भागाकाराला काही अर्थ नाही. फ्लोरिनवाल्यांसाठी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) मिलिलिटरमागे किंवा न वाळवलेल्या यकृतात ग्रॅममागे किती, एवढेच लिहा.

भांडी: दोन वेगळे संच

क्लोरीन-ब्रोमीनवाल्यांसाठी काच हवी. बाटल्या ४५० अंश सेल्सियसला किमान चार तास भट्टीत ठेवा, नंतर ॲसिटोनने आणि शेवटी हेक्झेनने विसळा. मासा गुंडाळायला ॲल्युमिनियमचे फॉइल आधी भट्टीत भाजून घ्या. पीबीडीईसाठी तपकिरी काच वापरा, कारण त्यांतला दहा ब्रोमीनचा बीडीई-२०९ उजेडात तुटतो आणि कमी ब्रोमीनचे भाऊबंद तयार होतात. मग अहवालात माशात नसलेलीच संयुगे दिसतात.

फ्लोरिनवाल्यांसाठी हाच संच चालत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या घ्या. टेफ्लॉनचे अस्तर असलेली झाकणे, फॉइल, पाणी न धरणारे जाकीट, डागरोधक कपडे, चिकटचिठ्ठ्या यांतले काहीही नमुन्याजवळ नको. हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले, आणि प्रत्येक नमुन्याला नवे.

वीस नमुन्यांमागे निदान एक कोरा नमुना ठेवा. शुद्ध पाण्याची बाटली जागेवर उघडा, खऱ्या नमुन्याइतकाच वेळ उघडी ठेवा आणि बंद करून बाकीच्यांबरोबरच पाठवा. पीबीडीई घरातल्या आणि प्रयोगशाळेतल्या धुळीतही असतात. कोऱ्या नमुन्याशिवाय धूळ आणि मासा वेगळे काढता येत नाहीत.

मासे

एका मिश्र नमुन्यासाठी (सगळ्यांचे मांस एकत्र वाटून) एकाच जातीचे तीन ते दहा मासे घ्या. सगळ्यांत लहान मासा सगळ्यांत मोठ्याच्या लांबीच्या ७५ टक्क्यांपेक्षा छोटा नसावा. मासा जितकी वर्षे जगला तितकी वर्षे साठवत आला आहे, त्यामुळे लहान-मोठे एकत्र वाटले तर सरासरी कोणाचीच राहत नाही. प्रत्येकाची लांबी, वजन, लिंग, आणि जमले तर खवल्यावरून वय लिहा. वाटलेले मांस निदान २०० ग्रॅम भरावे.

पोटाकडच्या भागात आणि कातडीखाली चरबी जास्त असते. एकाने कातडीसकट आणि दुसऱ्याने कातडी काढून नमुना घेतला, तर दोन अहवालांची तुलना तिथेच संपली. काय ठेवले आणि काय काढले ते चिठ्ठीवर लिहा. हीच गोष्ट स्वयंपाकातही कामाची आहे: कातडी आणि पोटाची चरबी काढली, शिजताना सुटलेले तेल फेकले, तर पीसीबी आणि डीडीई (डीडीटीपासून शरीरात बनणारे संयुग) कमी होतात. पीएफओएस मात्र तसाच राहतो, कारण तो चरबीत नव्हताच.

मेलेला किंवा किनाऱ्याला लागलेला प्राणी असेल तर अंगावर मांस किती उरले आहे ते आधी बघा. उपाशी सील आपली चरबी जाळतो, पण त्या चरबीतला पीसीबी जळत नाही. उरलेल्या थोड्या चरबीत तो दाटतो, आणि नवे काही पोटात न जाताही आकडा चढतो. माणसाचे वजन झपाट्याने उतरते तेव्हाही रक्तातली पातळी याच कारणाने वाढते.

रक्त

रक्त उपाशीपोटी घ्या, कारण जेवणानंतर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढतात आणि त्यांच्याबरोबर सीरममधले पीसीबीही. साधारण १० मिलिलिटर रक्त घ्या, गोठू द्या, सीरम वेगळे करा आणि उणे २० अंशांना ठेवा. वर्षानुवर्षे ठेवायचे असेल तर उणे ८०. त्याच रक्तातून कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड मोजून घ्या, नाहीतर पुढचा हिशोब अडतो.

हिशोब असा. एकूण चरबी, डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये = २.२७ × कोलेस्टेरॉल + ट्रायग्लिसराइड + ६२.३. समजा कोलेस्टेरॉल १८० आणि ट्रायग्लिसराइड १२०. तर ४०८.६ + १२० + ६२.३ = ५९०.९, म्हणजे लिटरमागे ५.९ ग्रॅम चरबी. सीरममध्ये पीसीबी-१५३ (पीसीबींपैकी एक संयुग) मिलिलिटरमागे ०.३ नॅनोग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३०० नॅनोग्रॅम. ३०० भागिले ५.९ केले की चरबीच्या ग्रॅममागे सुमारे ५१ नॅनोग्रॅम मिळतात. घोटाळा बहुतेक वेळा एककांत होतो: डेसिलिटरचे लिटर करायचे राहते आणि उत्तर दहापट चुकते.

अहवाल वाचताना

पहिल्यांदा पुनर्प्राप्तीचा रकाना बघा. जड कार्बनने खूण केलेले संयुग नमुन्यात आधीच घातलेले असते. त्यातले ७० ते १३० टक्के परत मिळाले तर ठीक, ३० टक्केच मिळाले तर त्या ओळीवर निष्कर्ष काढू नका. चरबी काढून टाकायला सल्फ्युरिक आम्ल वापरले आहे का, तेही विचारा. पीसीबी आणि डीडीटी त्यातून तगतात, डिल्ड्रिन हे कीटकनाशक नष्ट होते. अशा अहवालातले ‘डिल्ड्रिन आढळले नाही’ हे वाक्य पोकळ आहे. डीडीटी तर मोजणाऱ्या यंत्राच्या, नमुना आत सोडतात त्या तापलेल्या तोंडाशीच तुटू शकतो. ही तूट १५ टक्क्यांच्या आत असल्याची तपासणी त्या दिवशी झाली होती का, हेही विचारून घ्या.

‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे. मोजमापाची किमान मर्यादा किती होती ते शेजारी लिहिलेले हवे. सरासरी काढताना त्या जागी मर्यादेचा निम्मा आकडा धरतात. पण निम्म्याहून जास्त नमुने असे असतील तर सरासरी काढूच नका.

मग प्रमाणे बघा. डीडीटी शरीरात हळूहळू डीडीई होतो. डीडीईच्या मानाने डीडीटी जास्त असेल तर संपर्क ताजा आहे. जवळजवळ सगळा डीडीईच असेल तर साठा जुना, किंवा अन्नसाखळीतून वर चढलेला. पीसीबींची २०९ संयुगे आहेत, पण शिकारी प्राण्यांत आणि माणसांत १३८, १५३ आणि १८० हीच पुढे असतात, कारण शरीराला ती मोडता येत नाहीत. माणसाच्या रक्तात कमी क्लोरीनचे पीसीबी-२८ ठळक दिसले, तर अन्नाबरोबरच खोलीतल्या हवेचीही चौकशी करा: जुन्या इमारतींचे सांधे भरायचे साहित्य आणि जुने दिव्यांचे चोक तपासा.

फ्लोरिनवाल्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये आरोग्य-तपासणी कितपत करायची ते ठरवणाऱ्या पायऱ्या दिल्या: ठरावीक संयुगांची बेरीज सीरममध्ये मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या आत, २ ते २०, आणि २० च्या वर. रक्त पुन्हा तपासायची घाई करू नका. पीएफओएस माणसाच्या शरीरातून निम्मा व्हायला काही वर्षे घेतो. महिन्याभरात फरक दिसला तर तो बहुधा मोजमापाचाच असतो.

साखळीत किती चढते

रसायन अन्नसाखळीत वर चढते का हे बघायला प्रत्येक जीवातले नायट्रोजन-१५ (जड नायट्रोजन, जो साखळीत वर जाताना वाढत जातो) मोजा. शिंपल्यासारख्या शेवाळखाऊ जीवाची साखळीतली पायरी २ धरा. शिकाऱ्याच्या आकड्यातून शिंपल्याचा वजा करा, ३.४ ने भागा, २ मिळवा. शिंपल्यात ८ आणि शिकाऱ्यात १४.८ असेल तर फरक ६.८, म्हणून शिकारी पायरी ४ वर. आता चरबीनिहाय पातळीचा लॉग उभा आणि पायरी आडवी मांडून सरळ रेषा काढा. रेषेचा उतार १० चा घातांक धरून येणारा आकडा १ पेक्षा मोठा आला, तर रसायन वर चढते आहे. मासे आणि फुप्फुसाने श्वास घेणारे प्राणी एका रेषेवर घेऊ नका. काही रसायने कल्ल्यांतून पाण्यात परत जातात, पण फुप्फुसांतून बाहेर पडत नाहीत.

आईचे दूध

लोकसंख्येचा अंदाज घ्यायला पहिलटकरणींचे दूध, बाळंतपणानंतर ३ ते ८ आठवड्यांत घेतात. स्तनपानात आईचा साठा उतरत जातो. मादी व्हेलमध्येही पहिल्या पिल्लाला सगळ्यांत जास्त मिळते, आणि नराला साठा उतरवायची ही वाटच नसते. म्हणून माद्या आणि नर वेगळे मांडावेत. असा अहवाल आईला देताना पहिले वाक्य हे असू द्या: दूध पाजणे थांबवू नका. स्तनपानाचे फायदे मोठे आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे.

उरलेला नमुना

१९६० च्या दशकात स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सन नमुन्यांत डीडीटी शोधत होते. आलेखावर ओळखू न येणारी शिखरे येत राहिली आणि ती पीसीबी निघाली. म्हणून अनोळखी शिखर खोडू नका, ते आलेखावर कोणत्या वेळी आले ती वेळ आणि त्याची उंची टिपून ठेवा. प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग वेगळ्या बाटलीत उणे ८० अंशांना ठेवा, फ्लोरिनवाल्यांसाठी वेगळा भाग पॉलिप्रॉपिलीनमध्ये. चिठ्ठीवर तारीख, जागा, अवयव, चरबीचा टक्का आणि बाटली कशाची आहे ते पेन्सिलीने लिहा.