प्रिंटर घेण्याआधी लॅमिनेटरची जागा मोजा

छपाई बाहेरून करून घेणं थांबवून स्वतःचा प्रिंटर आणि लॅमिनेटर (प्रिंटवर पारदर्शक फिल्म चढवणारं यंत्र) घ्यायचा असेल, तर माहितीपत्रकं बाजूला ठेवा. आधी बाहेरून करून घेतलेल्या छपाईची बिलं काढून दोन ढीग करा: रोलवरचं काम, म्हणजे बॅनर, व्हिनाइल, स्टिकर, आणि वस्तूंवरचं, म्हणजे मग, टी-शर्ट, पेन, कीचेन. ज्या ढिगात जास्त पैसे जातात, त्याचं यंत्र आधी घ्या. दुसरं काम अजून वर्षभर बाहेर गेलं तरी चालेल.

रोलसाठी इको-सॉल्व्हेंट, लेटेक्स किंवा यूव्ही (अतिनील प्रकाशानं सुकणारी) शाईचा प्रिंटर. लॅमिनेटरचा विचार इथंच करायचा, प्रिंटर येऊन बसल्यावर नव्हे. इको-सॉल्व्हेंटची प्रिंट हाताला कोरडी लागते, पण शाईतलं सॉल्व्हेंट अजून उडालेलं नसतं. रोल सैल गुंडाळून निदान 24 तास उभा ठेवावा लागतो, गडद शाई भरपूर असेल तर 48. घाईनं लॅमिनेट केलंत तर ते सॉल्व्हेंट खाली व्हिनाइलच्या पाठच्या गमात उतरतं. गम मऊ पडतो, कडा उचलतात, कापलेले स्टिकर आक्रसतात. लेटेक्सची प्रिंट यंत्रातूनच सुकून येते आणि लगेच लॅमिनेट करता येते; मात्र ते यंत्र वीज जास्त खातं आणि त्याच्या उष्णतेनं पातळ माल ओढला जातो. तातडीची कामं जास्त असतील तर छपाईच्या वेगाचे आकडे पाहू नका, लॅमिनेट होऊन माल हातात कधी पडतो ते विचारा.

लॅमिनेटरची रुंदी प्रिंटरपेक्षा कमी नको. 1600 मिमीचा प्रिंटर आणि 1300 चा लॅमिनेटर, म्हणजे वरचे 300 मिमी नुसते विकत घेतले. बोर्डावर प्रिंट चिकटवणार असाल तर 2440 मिमीचा बोर्ड सपाट आत जाऊन सपाट बाहेर यायला हवा. तेवढी मोकळी जागा पुढेही लागते आणि मागेही. नकाशावर नाही, फरशीवर खडूनं आखून बघा. सुकणाऱ्या रोलचा कोपराही त्यातच धरा. गाडीवर कास्ट व्हिनाइल (वळणांवर नीट बसणारं पातळ व्हिनाइल) लावत असाल तर लॅमिनेशनची फिल्मही कास्टच घ्या.

स्टिकर कापणाऱ्या कटरला प्रिंटवर छापलेल्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. चाचणी लॅमिनेट केलेल्या नमुन्यावर घ्या, नुसत्या प्रिंटवर नाही! चकचकीत फिल्मखाली सेन्सर खुणा चुकवतो. आणि पीव्हीसी व्हिनाइल लेझरवर कापायचं नाही. निघणारा आम्लवायू माणसाला बाधतो आणि यंत्रही गंजवतो.

वस्तूंचं थोडक्यात. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाई मालात मुरवणं, फक्त पॉलिएस्टरवर किंवा कोटिंग केलेल्या मालावर, तेही फिक्या रंगाच्या, कारण त्यात पांढरी शाई नसते. गडद सुती कपड्यांना डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं कपड्यावर उतरवणं. पण त्याची पांढरी शाई तळाला बसते. आठवड्यातून एकदाच काम असेल तर शाई सोडणारं हेड तुंबणार, तयार ट्रान्सफर (छापलेल्या फिल्म) बाहेरून मागवा, स्वतःकडे त्या गरम दाबानं उतरवणारा हीट प्रेस पुरे. यूव्ही फ्लॅटबेडवर (वस्तू सपाट टेबलावर ठेवून छापणाऱ्या प्रिंटरवर) सर्वात उंच वस्तू बसते का बघा. गोलाईच्या कडेला छपाई फिसकटते, काचेला शाई धरून ठेवणारा प्रायमर लागतो.

बाकी: अर्थिंग, स्वतंत्र लाइन, एक्झॉस्ट, आर्द्रता 40 ते 60 टक्के, खोक्यासकट दाराची रुंदी, रिपचं (फाइल प्रिंटरला समजेल अशी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स, हेड बदलायचा खर्च. कोटेशन एकत्रच मागवा. त्यात लॅमिनेटरची ओळ नसेल तर परत पाठवा.