पुण्यात सोसायटीत राहताना: बिल, मीटिंग, लीकेज आणि तक्रार नक्की कशी हाताळायची

फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया बघतो, पार्किंग बघतो, पाणी कॉर्पोरेशनचं येतं की टँकरचं ते विचारतो, पण ही सोसायटी चालते कशी हे फारसं कोणी विचारत नाही. मग कधीतरी बिलात नवीनच रक्कम दिसते, किंवा भाडेकरू ठेवायचा म्हटलं की "कमिटीने नाही सांगितलंय" असं ऐकावं लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत वाद चालतो ज्यातून काहीही निष्पन्न होत नाही. मला मनापासून वाटतं की यातली निम्मी भांडणं फक्त नियम माहीत नसल्यामुळे होतात, म्हणून मला जे नीट माहिती आहे ते सगळं इथे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट शोधून काढा: तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट. पुण्यात दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही आपण कशात मोडतो ते माहीत नसतं. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल आणि बोर्डावर "सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित" असं लिहिलेलं असेल तर ती सोसायटी, म्हणजे 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा लागू. कागदांत डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू. फरक कुठे पडतो? पैशात. सोसायटीत वॉचमन, साफसफाई, कॉमन लाइट वगैरे सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखंच लागतं, वन बीएचके असो की थ्री. अपार्टमेंटमध्ये मात्र डीडमध्ये तुमचा जो अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलाय त्या प्रमाणात खर्च वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका कॉम्प्लेक्सच्या केसमध्ये हेच स्पष्ट केलं. त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगचं बिल दाखवून "तिकडे तर असं आहे" म्हणण्यात अर्थ नाही, तिकडचा कायदाच वेगळा असू शकतो. आणि वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे नवीन प्रोजेक्टमध्ये अजून बिल्डरच सगळं चालवत असेल तर लक्षात ठेवा, 51 टक्के फ्लॅट बुक झाले की 3 महिन्यांत सोसायटी नोंदणीची प्रक्रिया बिल्डरने सुरू करायची असते, महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नियमात आहे ते. ती होत नसेल तर सगळ्यांनी मिळून लेखी विचारा.

इथून पुढचं मुख्यतः सोसायटीबद्दल.

पुढचं काम म्हणजे उपविधी, म्हणजे बाय-लॉजची प्रत मिळवा आणि खरंच वाचा. कंटाळवाणं असतं, पण एकदा वाचलं की कोणाला कशाचा अधिकार आहे ते डोक्यात बसतं. कायदा सगळ्यात वर, त्याखाली उपविधी, मग जनरल बॉडी म्हणजे आपण सगळे सभासद, मग कमिटी, आणि मॅनेजर फक्त सांगितलेलं काम करणारा माणूस. कमिटी जनरल बॉडीचा ठराव फिरवू शकत नाही आणि जनरल बॉडीसुद्धा उपविधींच्या विरोधात ठराव करू शकत नाही, बहुमत असलं तरी. त्यामुळे कोणी म्हणालं की "आपल्याकडे असा नियम आहे", तर शांतपणे विचारायचं, कुठल्या मीटिंगचा ठराव, तारीख काय, प्रत मिळेल का. एवढं विचारलं तरी बऱ्याच वेळा कळतं की नियम वगैरे काही नाही, कोणीतरी कधीतरी बोललं होतं आणि तेच चालू राहिलं. आणि प्लीज, वॉचमन दादांवर राग काढू नका, नियम त्यांनी केलेला नसतो, त्यांना दोन्हीकडून बोलणी बसतात.

आता बिल. महिन्याचं किंवा तिमाहीचं बिल आलं की खालचा आकडा बघून ट्रान्सफर करून टाकू नका, एकदा ओळ न् ओळ वाचा. सेवा शुल्क सारखं वाटायचं हे वर सांगितलंच. लिफ्टचा खर्चही त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सारखा, तळमजल्यावरचे काका लिफ्ट वापरत नसले तरी, यावर दरवर्षी वाद होतो पण उपविधींत ते स्पष्ट आहे. पाणी नळांच्या संख्येवर आणि साइजवर. टँकर येत असतील तर टँकरची नोंदवही गेटवर ठेवलेली असायला हवी, गाडी नंबर, वेळ, सही सगळं, आणि ती महिन्याच्या बिलाशी जुळते का हे कोणीतरी सभासदाने तपासायला हवं, कारण बालेवाडी, बाणेर, उंड्री पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरचा खर्चच सगळ्यात मोठा होऊन बसतो. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची राखीव रक्कम) बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दरवर्षी, आणि दुरुस्ती फंड किमान 0.75 टक्के. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत सोडून, तुम्ही फ्लॅटला दिलेली किंमत नव्हे. समजा तो खर्च 20 लाख धरला तर वर्षाला सिंकिंगचे 5,000 आणि दुरुस्तीचे 15,000. हे जास्त वाटतं, पण जिथे हे फंड नीट जमा झाले तिथे रंगकाम, लिफ्ट बदलणं, टेरेसचं वॉटरप्रूफिंग अशा वेळी एकदम लाखभर रुपये काढा असं कोणाला सांगावं लागत नाही. स्वस्त मेंटेनन्सवाली सोसायटी बघून लगेच खुश होऊ नका, आधी फंड किती जमा आहे ते विचारा.

थकबाकीवर व्याज जास्तीत जास्त 21 टक्के वर्षाला आणि तेही सरळ व्याज, चक्रवाढ नाही. व्याजावर व्याज लावलेलं दिसलं तर पत्र द्या. पण भांडण आहे म्हणून मेंटेनन्स भरायचंच थांबवू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. त्याने आपलीच बाजू कमकुवत होते, थकबाकीदार ठरलात की कमिटीत उभं राहता येत नाही आणि सोसायटी उपनिबंधकांकडून, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडून, वसुलीचा दाखला आणू शकते. पैसे भरा आणि सोबत "अमुक रकमेबद्दल हरकत नोंदवून भरत आहे" असं लिहून द्या. जीएसटी दिसला तर बघा की तुमचं महिन्याचं मेंटेनन्स 7,500 च्या वर आहे का आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर आहे का, दोन्ही असेल तरच 18 टक्के लागतो. प्रॉपर्टी टॅक्स पुण्यात बहुतेक जण थेट महापालिकेत भरतात, त्यामुळे तो बिलात नसला तर घाबरू नका.

फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी. भाडेकरू ठेवला की नॉन ऑक्युपन्सी चार्ज लागतो पण तो सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ऑगस्ट 2001 पासून हा शासनाचा आदेश आहे. सेवा शुल्क 2,000 असेल तर 200. भाड्याच्या टक्क्यात, किंवा "बॅचलर असतील तर डबल", असं काही नाही. आणि आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगी-जावई असे जवळचे राहत असतील तर तो लागतच नाही. तुमच्या बाजूने मात्र रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट आणि पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची प्रत सोसायटीला द्यायची, ते टाळू नका. फ्लॅट विकताना ट्रान्सफर प्रीमियमही, म्हणजे नव्या मालकाच्या नावावर करायची सोसायटीची फी, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000. "डोनेशन" म्हणून वर काही मागितलं तर नियमात ते बसत नाही.

कुठलीही गोष्ट तोंडी करू नका. लिफ्टमध्ये सेक्रेटरींना गाठून सांगितलं, ते "बघतो" म्हणाले, आणि तीन महिन्यांनी त्यांना आठवतही नाही, यात त्यांची पण चूक नसते, बिचारे नोकरी सांभाळून फुकट काम करतात. पत्र छोटं ठेवा, असं:

"प्रति, मा. सचिव. विषय: बी विंगच्या जिन्यातील पाइप गळतीबाबत. महोदय, दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मधल्या भिंतीलगतचा पाइप गळत असून पाणी मीटर बॉक्सपर्यंत येत आहे. फोटो सोबत जोडले आहेत. कृपया लवकरात लवकर दुरुस्ती करून घ्यावी व काय कार्यवाही केली ते लेखी कळवावे. आपला, सभासद, फ्लॅट क्र."

दोन प्रती काढायच्या, एकीवर ऑफिसचा शिक्का, सही, तारीख घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने. सूर नम्रच हवा, कारण हेच पत्र उद्या उपनिबंधकांच्या टेबलावर जाऊ शकतं आणि तिथे "तुम्ही चोर आहात" लिहिणाऱ्याचं कोणी मनावर घेत नाही. हिशोब, इतिवृत्त (मीटिंगचे मिनिट्स), उपविधी हे सभासदाला बघायचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची मर्जी लागत नाही, आणि लेखी अर्ज करून फी भरली की प्रती 45 दिवसांत द्यायच्या असतात.

मीटिंगबद्दल जरा जास्त लिहिते कारण खरी ताकद तिथेच आहे आणि आपण तिथेच जात नाही. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, नोटीस पूर्ण 14 दिवस आधी, सोबत हिशोबाची पत्रकं. बऱ्याचदा गणपतीच्या आगेमागे रविवारी असते आणि लोक म्हणतात जाऊ दे. आता हे बघा: कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा 20 जण, यातलं जे कमी ते. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते आणि नंतर जी भरते तिला कोरमच लागत नाही. म्हणजे 150 फ्लॅटच्या सोसायटीत आठ-दहा जण बसून जे ठरवतील ते तुम्हाला बंधनकारक. लाखो रुपयांचं कॉन्ट्रॅक्ट असंच पास होतं आणि नंतर ग्रुपवर आरडाओरडा, तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून नोटीस आली की हिशोब वाचा, दोनच प्रश्न ठरवा आणि ते आधी लेखी द्या. मीटिंगमध्ये "सगळा घोळ आहे" म्हणण्यापेक्षा "सिक्युरिटीचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा एवढा वाढला, किती कोटेशन्स घेतली होती" असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. विरोध असेल तर तो नावासकट इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. नंतर इतिवृत्ताचा मसुदा येतो तोही वाचा, बोललेलं आणि लिहिलेलं वेगळं निघालं तर लगेच हरकत पाठवा. कमिटी सभाच बोलवत नसेल तर एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली की महिनाभरात विशेष सभा घ्यावी लागते. आणि मुखत्यारपत्र किंवा प्रॉक्सी चालत नाही, फ्लॅट एकाच्याच नावावर असेल तर घरातल्या दुसऱ्याला सहसभासद करून घ्या म्हणजे गरजेला कोणीतरी जाऊ शकेल.

लीकेज हा पुण्याच्या पावसाळ्यातला कायमचा विषय. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग भांडा. डाग बाथरूमच्या स्लॅबला असेल आणि बारा महिने ओला असेल तर वरच्या बाथरूमचा संशय, फक्त पावसात ओला होत असेल तर बाहेरची भिंत किंवा टेरेस. वरच्या काकूंना विनंती करून प्लंबरसमोर टेस्ट करा: नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून बाथरूममध्ये थोडं रंगीत पाणी साठवून ठेवायचं आणि खाली उतरतं का बघायचं. उतरलं तर खर्च वरच्या फ्लॅटचा. टेरेसमधून, बाहेरच्या कॉमन पाइपमधून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं टेरेसमुळे खराब झालेलं प्लास्टरसुद्धा. "टॉप फ्लोअर घेतलात ना, मग तुम्हीच बघा" हे चुकीचं आहे. फोटो तारखेसह ठेवा आणि रंग काढायच्या आधी ठेवा.

कुत्रा-मांजर पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरायलाही नाही, पण घाण उचलणं आणि पट्टा लावणं हे मालकाचं काम आहे आणि ते केलंच पाहिजे. रात्री 10 नंतर स्पीकर बंद, टेरेसवर वाढदिवस असला तरी. कचऱ्याचं मात्र कळकळीने सांगते: ओला, सुका वेगळा आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून खूण करून द्या, "स्वच्छ"च्या (कचरावेचकांची सहकारी संस्था) ताई ते हाताने वेगळं करतात. सोसायटीचा कचरा दिवसाला 100 किलोच्या वर असेल तर ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो. गांडूळखत, सोलर किंवा रेनवॉटर हार्वेस्टिंग चालू स्थितीत असेल तर महापालिका प्रॉपर्टी टॅक्समध्ये 5 टक्के, एकापेक्षा जास्त असेल तर 10 टक्के सूट देते, पण बंद पडलेल्या खड्ड्याला नाही, म्हणून तो चालू ठेवायला कोणीतरी जबाबदारी घ्या.

पत्रं देऊनही काही होत नसेल तर पुढे कुठे जायचं हे विषयावर अवलंबून आहे. कागदपत्रं न देणं, सभासद करून न घेणं, जास्त ट्रान्सफर फी, सभा न घेणं, फंडाचा गैरवापर: उपनिबंधक, सहकारी संस्था. ठरावाबद्दलचा वाद, पार्किंग वाटप, दुरुस्ती, लीकेज: सहकार न्यायालय. अनधिकृत बांधकाम, टेरेसवरची शेड: महापालिका. धमकी, मारामारी, त्रास: सरळ पोलीस. चुकीच्या दारात गेलात तर सहा महिने जातात आणि "आमच्या अधिकारात नाही" असं उत्तर येतं. आधी सल्ला हवा असेल तर पुणे जिल्ह्याचा गृहनिर्माण संस्थांचा महासंघ आहे, तिथे जाऊन बोला.

आणि आज जमलं तर एक काम लगेच करा. नॉमिनेशनचा, म्हणजे आपल्या पश्चात सोसायटीने कोणाचं नाव धरायचं त्याचा, फॉर्म भरलाय का ते कपाट उघडून बघा. तीन प्रतींत द्यायचा असतो, पहिल्यांदा फी नसते, कमिटीने नोंद केल्यावर एक प्रत तुम्हाला परत मिळते. ती शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी ठेवा आणि कुठे ठेवलीय ते घरात दोघांना तरी सांगा.