काडतूस भरण्याऐवजी छर्रा निवडा: 10 मीटर एअर रायफलची सुरुवात

परदेशी व्हिडिओ बघून रिकामी काडतुसं घरीच भरायची हौस अनेकांना वाटते. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. त्या छंदातली खरी गोडी मात्र मापात आहे: वजन, घेर, आणि कुठल्या बॅरलला (बंदुकीच्या नळीला) काय मानवतं याचा शोध. ती सगळी गोडी 4.5 मिमीच्या छर्र्यात मिळते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सोडते, म्हणजे जेमतेम 7.7 ज्यूल. खरेदी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन करा आणि बिल जपून ठेवा.

बेळगावशेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरण्याच्या प्रकाराचं) कांस्यपदक जिंकलं. ती रायफल .22 काडतुसाची. पण बेळगाव, निपाणी, खानापूरच्या नवख्यानं पाया घालायचा तो 10 मीटरवरच.

छर्रा सपाट डोक्याचाच घ्या. तो कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतो. टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो, मग गुण मोजताना वाद होतात. रायफलला 0.53 ग्रॅमच्या आसपासचा, पिस्तूलला थोडा हलका, 0.45 ते 0.49 ग्रॅमचा. चांगल्या डब्यावर डोक्याचा व्यास मिमीमध्ये छापलेला असतो: 4.49, 4.50, 4.51. एकदम दहा डबे घेऊ नका. या तीन मापांचा एकेक डबा आणा आणि बंदुकीलाच विचारा.

आधी नजरेनं निवड. पांढऱ्या कागदावर थोडेथोडे छर्रे पसरा. मागची कड चेपलेला, खरवडलेला किंवा शिशाची कीस चिकटलेला प्रत्येक छर्रा बाजूला काढा. मग काचेच्या तुकड्यावर एकेक लोटा. मागचा घेर डोक्यापेक्षा मोठा असल्यामुळे छर्रा वळण घेत घरंगळतो. वळण एकसारखं असेल तर ठीक, मध्येच उडी मारली किंवा डुगडुगला तर कड वाकडी. ही कड सर्वांत महत्त्वाची, कारण हवा तिला बॅरलच्या भिंतीशी दाबते. एका बाजूनं हवा निसटली की छर्रा बाहेर पडतानाच तिरका होतो. वजन करायचंच असेल तर 0.001 ग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि पंखा बंद हवा. 0.01 चा काटा इथे कुचकामी. खरं सांगायचं तर चांगल्या डब्यात 10 मीटरवर वजनाच्या फरकापेक्षा चेपलेली कड जास्त नुकसान करते, म्हणून वेळ आधी तिला द्या.

आता ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका. पुढच्या लाकडाखाली वाळूची पिशवी ठेवा, बॅरल कशालाही टेकू देऊ नका. छर्रा बदलला की पहिले 10-15 नेम मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये नव्या शिशाचा थर बसायला तेवढे लागतात. मग प्रत्येक मापाचे दहा छर्र्यांचे निदान तीन ग्रुप. पाचचा ग्रुप नशिबानंही सुंदर येतो. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून 4.5 मिमी वजा करा, म्हणजे दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मिळतं.

किती चांगलं म्हणजे चांगलं, हे लक्ष्यच सांगतं. रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा. छर्र्याची कड त्याला शिवली तरी दहा, म्हणून छर्र्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून 2.5 मिमीपर्यंत चालतो. बाहेरच्या कडांमध्ये 9.5 मिमीचा, म्हणजे वजाबाकीनंतर 5 मिमीचा ग्रुप बरोबर मध्यावर बसला तर सगळे दहा. पण माणसाच्या हाताची चूक त्यात मिळणार आहे, म्हणून टेकूवरून बाहेरच्या कडांमध्ये 7 मिमीच्या आतला ग्रुप देणारा छर्रा निवडा. पिस्तूलचं दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं, तिथे इतका काटेकोरपणा लागत नाही.

स्प्रिंगच्या, बॅरल मोडायच्या बंदुकीला वेगळी वागणूक. ती उसळते, म्हणून पुढचं लाकूड तळहातावर सैल ठेवा, दर वेळी त्याच जागी. घट्ट आवळली की ग्रुप पसरतो आणि माणूस छर्र्याला दोष देतो. छर्रा भरताना उघडलेली बॅरल हातात धरूनच ठेवा, सुटली तर बोटं तुटतात. छर्र्याशिवाय ट्रिगर कधीही ओढू नका. पिस्टनच्या नळीत तेल ओतू नका, दाबानं ते पेटतं.

दाबलेल्या हवेच्या सिलिंडरच्या बंदुकीत साधारण 200 बार (बार हे दाबाचं माप) इतका दाब असतो. भरा तो सावकाश, कोरलेल्या आकड्याच्या आत, आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरू नका. ऑक्सिजनच्या बाटलीनं भरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. खानापूरच्या पावसात हातपंप दमट हवा आत ढकलतो, म्हणून पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावा. छर्रे बंद डब्यात ठेवा. ओलीनं त्यांच्यावर पांढरी भुकटी आली तर ते सरावातून बाद.

सोप्यापासून परसापर्यंत 10 मीटर मिळतात, पण मध्ये न्हाणीघराचं किंवा शेजाऱ्याचं दार उघडत असेल तर ती जागा बाद. लक्ष्यामागे लाकडी खोक्यात लोखंडी पत्रा 45 अंशांत खाली झुकवून बसवा. सरळ उभ्या पत्र्यावरून शिशाचे तुकडे मागे उडतात, म्हणून चष्मा लावूनच उभे राहा. पक्ष्यांवर नेम धरायचा नाही.

शिसं विषारी आहे. छर्रे तोंडात धरू नका, सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊ नका, खोक्याभोवतीची धूळ झाडूनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसा आणि लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका. निवडलेल्या डब्यावरचा बॅच क्रमांक वहीत लिहा. बॅच बदलली की छापलेलं माप तेच असलं तरी ग्रुप पुन्हा काढावा लागतो. मानवलेली बॅच सापडली तर वर्षभराचे डबे त्याच क्रमांकाचे घ्या.