धंद्यात वापरलेली कार विकताना या चुका टाळा

सकाळी मुलांना शाळेत सोडायचं आणि तिथूनच साइटवर जायचं, अशी दुहेरी कामाची गाडी. ती विकली, पैसे बचत खात्यात आले आणि रिटर्नमध्ये तिचा उल्लेखच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "स्वतःच्या गाडीवर कुठे कर लागतो?" निव्वळ घरच्या गाडीपुरतं ते खरंही आहे. तिच्या नफ्यावर प्राप्तिकर नाही आणि तोटाही दाखवता येत नाही. पण एकदा घसारा (गाडीच्या झिजेपोटी दरवर्षी धंद्याच्या उत्पन्नातून मिळणारी वजावट) घेतला की गाडी धंद्याची मालमत्ता झाली.

दुसरी चूक हुशार लोक करतात. वापर 60 टक्के धंद्याचा, म्हणून विक्रीचेही 60 टक्केच हिशेबात धरतात. टक्केवारी लागते ती घसाऱ्याला. 8 लाखांच्या कारवर 15 टक्क्यांनी 1,20,000 रुपये घसारा होतो, त्यातले 72,000 मंजूर. पुढच्या वर्षी शिल्लक किंमत 7,28,000 धरायची, कारण वजा होतो तो मंजूर घसाराच. विक्रीची रक्कम मात्र अख्खी ब्लॉकमधून, म्हणजे एकाच दराच्या मालमत्तांच्या गठ्ठ्यातून, वजा होते.

हा ब्लॉक नीट समजून घ्या, बहुतेक घोळ इथेच होतो. 15 टक्के दराची सगळी यंत्रं, एसी, कार एकाच गठ्ठ्यात असतात. गठ्ठ्याची शिल्लक 2,10,000 आणि कार गेली 2,60,000 ला, तर वरचे 50,000 अल्पकालीन भांडवली नफा. गाडी दहा वर्षं वापरलेली असली तरी अल्पकालीनच, आणि कर तुमच्या स्लॅबप्रमाणे. एसी अजून भिंतीवर असला तरी त्या वर्षी ब्लॉकवर घसारा शून्य. उलट विक्रीनंतरही गठ्ठ्यात वस्तू आणि शिल्लक दोन्ही उरत असतील, तर वेगळा नफा-तोटा काढायचाच नसतो.

"मी अंदाजित उत्पन्न योजनेत आहे, घसारा कधी घेतलाच नाही," असं डॉक्टर, वकील हमखास म्हणतात. या योजनेत जमा रकमेचा ठरावीक टक्काच उत्पन्न धरतात. कायदा मात्र तो दरवर्षी मिळालाच असं धरतो, त्यामुळे शिल्लक किंमत गुपचूप उतरत असते. विक्रीत अल्पकालीन नफा निघाला तर या योजनेचा रिटर्न फॉर्म आयटीआर-4 चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक हिशेब. गाडी घेताना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल, तर 16 जानेवारी 2025 पासून जुन्या गाडीच्या मार्जिनवर 18 टक्के. घसारा घेतला असेल तर मार्जिन म्हणजे विक्रीची किंमत वजा घसारा जाऊन उरलेली किंमत. घसारा जाऊन 3,00,000 उरलेली गाडी 3,40,000 ला गेली तर कर 40,000 वर, म्हणजे 7,200. मार्जिन उणे असेल तर काही नाही. गंमत अशी, की ब्लॉकमध्ये एकट्या कारची किंमत दिसतच नाही. ती वेगळ्या शीटवर पहिल्या वर्षापासून लिहून ठेवा.

एक्स्चेंजमध्ये नवी गाडी घेतलीत तर फरकाची रक्कम नोंदवून मोकळे होऊ नका. जुनीची विक्री वेगळी, नवीची पूर्ण किंमत वेगळी. रोख 2 लाख किंवा जास्त घेऊ नका, दंड तेवढ्याच रकमेचा बसतो. आणि गाडीची चावी देण्याआधी आरटीओत मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 व 30 च्या सही केलेल्या प्रती विक्रीच्या पावतीसोबत फाइलला लावा.